चिठ्ठीत चार नंबर आलाय, आता सेक्वॉनचं काय करू

परवा बुधवारी, २७ ऑगस्ट २०२५ ला, गणपती बसले, संध्याकाळी आरती झाली आणि प्रसाद वाटता वाटता आमच्या इथल्या, फिलाडेल्फियातल्या, फॅन्टसी फुटबॉल लीगवाल्यांनी ड्राफ्टच्या (खेळाडू निवडायच्या क्रमाच्या) चिठ्ठ्या पण उरकून घेतल्या, मोदकांच्या रिकाम्या डब्यातच. बारा जण, बारा चिठ्ठ्या. माझी माझ्या मुलाने काढली, ४ नंबर. पहिल्या तिघांत नाही म्हणून वाईट वाटून घ्यावं की अकरावा-बारावा नाही म्हणून बरं, हे ठरेपर्यंत कोपऱ्यातून एकाने विचारलंच, "मग काय, यंदा सेक्वॉन ना?" आणि सगळे खो खो हसले, अगदी बायका पण, ज्यांना सेक्वॉन म्हणजे कुठलं औषध आहे की माणूस हे गेल्या वर्षीपर्यंत माहीत नव्हतं.

हसण्याचं कारण सांगतो, पण आधी ज्यांना फॅन्टसी फुटबॉल म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. आपलं ड्रीम इलेव्हन असतं तसंच, पण अमेरिकन फुटबॉलवर, पूर्ण सीझनभर चालतं आणि एक खेळाडू लीगमध्ये एकाच माणसाकडे. मी सेक्वॉन बार्कली (आमच्या फिलाडेल्फिया ईगल्सचा रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा) घेतला की बाकी अकरा जणांना तो संपला, डिसेंबरच्या शेवटापर्यंत तो माझा, लागला तरी आणि पडला तरी. दर १० यार्डांना १ पॉइंट, टचडाउनला (बॉल शेवटच्या रेषेपलीकडे नेला की) ६, आणि आमची लीग फुल पीपीआर (पॉइंट पर रिसेप्शन) असल्यामुळे पकडलेल्या प्रत्येक पासला १. (पुण्याचा चुलतभाऊ परवा फोनवर रडत होता, गेल्या आठवड्यात नवा कायदा आला आणि त्याचं पैसेवालं ड्रीम इलेव्हन बंद पडलं, तर तुमच्यात तेरावा माणूस चालतो का म्हणून विचारत होता. नाही चालत.) पिक (निवडायच्या पाळ्या) सापासारखे वळतात, म्हणजे पहिल्या राउंडला चौथा असलो तर दुसऱ्याला २१वा. मधल्या सोळा पिकमध्ये सगळी साय निघून जाते, त्यामुळे पहिल्या पिकला चुकलं की ते दुसऱ्याला भरून काढता येईल असं काही नसतं.

तर गेल्या वर्षी माझा नववा पिक होता, आणि सेक्वॉन समोर होता, आणि मी घेतला नाही. इतकंच. माझी कारणं तेव्हा मला फार शहाणपणाची वाटली होती. २७ वर्षांचा माणूस, २०२० ला शिकागोत दुसऱ्याच मॅचला गुडघ्याचं लिगामेंट फाटलेलं, न्यूयॉर्क जायंट्स या जुन्या टीमकडे २०२३ मध्ये १४ मॅचमध्ये ९६२ यार्ड, आणि आता चाललाय फिलाडेल्फियात जिथे एक यार्ड राहिला की क्वार्टरबॅक (पास टाकणारा) जेलन हर्ट्सच घुसतो, २०२३ ला त्याने एकट्याने पळून १५ टचडाउन केले होते. मग रनिंग बॅकला उरणार काय, घंटा? असा माझा युक्तिवाद. दहाव्या पिकला आमच्यातल्या तेलुगू मित्राने सेक्वॉन उचलला, आणि हरतालिकेच्या रात्री ब्राझीलमध्ये साओ पावलोला ईगल्सची पहिलीच मॅच झाली पॅकर्सशी, त्यात सेक्वॉनने तीन टचडाउन मारले. एका रात्रीत ३३ पॉइंट. दुसऱ्या दिवशी गणपती, हा माणूस माझ्याकडे आरतीला आला आणि टाळ वाजवता वाजवता माझ्याकडे बघून नुसता हसत होता. पुढे त्यानेच लीग जिंकली हे वेगळं सांगायला नको. मी आठवा आलो.

बाय द वे ज्यांनी त्याला सोडलं ते जायंट्सवाले माझ्यापेक्षा दुःखी आहेत हे एक समाधान. त्यांचे मालक जॉन मारा टीव्हीवरच्या 'हार्ड नॉक्स' मालिकेत आपल्या मॅनेजरला म्हणाले होते की सेक्वॉन फिलाडेल्फियाला गेला तर मला झोप लागायची नाही. गेला.

आता यंदा प्रॉब्लेम उलटा आहे. गेल्या वर्षी सोडला म्हणून यंदा घ्यायची अशी खाज सुटलीये की हात शिवशिवतोय, आणि अशा खाजेत घेतलेला पिक म्हणजे हमखास माती, हे मला अनुभवाने माहीत आहे. म्हणून मंगळवारी रात्री, मखराची थर्माकोलमुक्त कसरत संपल्यावर, बसून शांतपणे हिशोब केला. तोच इथे टाकतोय. कोणाला उपयोग झाला तर झाला.

गेल्या वर्षाचा आकडा सगळ्यांना पाठ आहे. ३४५ कॅरी (म्हणजे इतक्या वेळा बॉल घेऊन पळाला), २००५ यार्ड, १३ टचडाउन पळून. वर ३३ कॅच, २७८ यार्ड, २ टचडाउन. आमच्या स्कोअरिंगने बघा, यार्डांचे २२८.३, टचडाउनचे ९०, कॅचचे ३३, बेरीज ३५१.३, फंबल-बिंबल (हातून बॉल सुटणं) सोडून. तेही १६ मॅचमध्ये, कारण शेवटच्या मॅचला कोचने बसवला, एरिक डिकरसनच्या १९८४ च्या २१०५ यार्डांच्या रेकॉर्डला फक्त १०० कमी असताना. (आमच्या इथे त्या आठवड्यात घराघरात भांडणं झाली यावरून. मी बसवा पार्टीचा होतो. महिन्याभराने सुपर बोल (फायनल) जिंकल्यावर बसवा पार्टीत सगळेच होते.) म्हणजे मॅचला जवळजवळ २२ पॉइंट. रनिंग बॅकने आठवड्याला २२ देणं म्हणजे काय ते खेळणाऱ्यांना कळेल, तुम्ही बाकीच्या टीममध्ये दोन दगड लावले तरी चालतं.

पण हे ३५१ आले कुठून ते जरा उलगडून बघू. रेग्युलर सीझनमध्ये त्याचे साठ यार्डांच्या वरचे चार टचडाउन आहेत. सेंट्सशी ६५ यार्डांचा, रॅम्सशी एकाच रात्री ७० आणि ७२ चे दोन, आणि कमांडर्सशी ६८ चा. या चार कॅरींची बेरीज २७५ यार्ड, म्हणजे २७.५ पॉइंट, आणि चार टचडाउनचे २४. एकूण ५१.५. तीनशे पंचेचाळीस वेळा बॉल घेतला त्यातल्या फक्त चार वेळांनी साडेएक्कावन्न पॉइंट. प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेरीत) अजून तीन मारले, ७८, ६२ आणि ६०, पण ते फॅन्टसीत धरत नाहीत. आता कोणी म्हणेल अरे मग ते त्याचं कौशल्यच आहे ना, एकदा मोकळी जागा मिळाली की मागून कोणाला सापडत नाही. आहेच. रॅम्सच्या मॅचला मी आणि पोरगा सोफ्यावर उभे होतो, दुसऱ्या वेळी तो लाइनमधून बाहेर पडला तेव्हा पोरगा ओरडलाच नाही, नुसता हात वर करून उभा राहिला, तोपर्यंत त्याला माहीतच झालं होतं. २५५ यार्ड त्या एका रात्रीत. पण असे सात लांब टचडाउन एका सीझनला याआधी कोणीच केले नव्हते, आणि जी गोष्ट आधी कोणी केलीच नव्हती ती तोच माणूस लागोपाठ दुसऱ्या वर्षी करेल असं धरून मी चौथा पिक लावणार का? ते चार बाजूला काढले तर ३५१ चे ३०० होतात, मॅचला पावणेएकोणीस. तरीही उत्तमच. पण पावणेएकोणीसची किंमत आणि बावीसची किंमत एक नाही.

माझं आजोळ निफाडकडचं. मामाने एका वर्षी लासलगावला कांदा सोन्याच्या भावाने विकला आणि पुढच्या वर्षी अख्ख्या रानात कांदाच लावला, घराच्या मागची कोथिंबीर सुद्धा उपटून. तोपर्यंत तालुक्यात सगळ्यांनीच तेच केलेलं. कांदा छान आला होता हो, रंग, आकार, सगळं पहिल्यासारखं, कांद्याची काहीच चूक नव्हती. आई सध्या इथेच आहे आमच्याकडे, तिला मी मंगळवारी हा सगळा हिशोब मराठीत समजावून सांगत होतो, मोदकाचे सारण परतता परतता ती ऐकत होती, आणि मध्येच म्हणाली, "म्हणजे दादाच्या कांद्यासारखं." मी थक्क. माझ्या लीगमधल्या अर्ध्या लोकांना अजून हे कळलेलं नाही.

आता इतिहास. आजपर्यंत सीझनला २००० यार्ड पळालेले नऊ जण आहेत, सेक्वॉन नववा. बाकी आठ जणांनी पुढच्या वर्षी काय केलं? ओ. जे. सिम्पसन १९७३ ला २००३, पुढच्या वर्षी ११२५. डिकरसन २१०५ वरून १२३४, त्यात दोन मॅच पगाराच्या भांडणात गेल्या. बॅरी सँडर्स १९९७ ला २०५३, मग १४९१. टेरेल डेव्हिस १९९८ ला २००८ आणि पुढच्या वर्षी चौथ्या मॅचला गुडघा गेला, २११ यार्डांवर सीझन खलास. जमाल लुईस २०६६, मग १००६. ख्रिस जॉन्सन २००६, मग १३६४. एड्रियन पीटरसन २०९७, मग १२६६. डेरिक हेन्री २०२० ला २०२७ आणि २०२१ ला आठ मॅचमध्ये ९३७ करून पाय मोडून बसला. आठही जणांची सरासरी काढली, १०७९ येते. पंधराशेला एकही पोचला नाही, सगळ्यात जवळ गेला तो सँडर्स.

लोक याला शाप वगैरे म्हणतात. शाप-बिप काही नाही. एक तर २००० होतात तेव्हा सगळ्याच गोष्टी एकदम जुळून आलेल्या असतात, लाइन (पळणाऱ्याला वाट करून देणारी पुढची फळी) फिट, क्वार्टरबॅक फिट, स्वतः फिट, आणि पुढच्या वर्षी त्यातल्या दोन बिघडल्या तरी आकडा धाडकन खाली येतो. दुसरं म्हणजे ओझं. सेक्वॉनने प्लेऑफ धरून गेल्या सीझनला ४३६ कॅरी घेतल्या, कॅच मिळवले तर ४८२ टच. ४८२ वेळा शंभर-सव्वाशे किलोची माणसं अंगावर. टेरेल डेव्हिसने १९९७ ला प्लेऑफसकट ४८१ कॅरी घेतल्या आणि १९९८ ला ४७०, मग १९९९ ला काय झालं ते वर लिहिलंच. लॅरी जॉन्सनने २००६ ला ४१६ कॅरी घेतल्या, अजून ते रेकॉर्ड आहे, पुढच्या वर्षी आठ मॅच आणि ५५९ यार्ड. आणि ईगल्सवाल्यांना तर डिमार्को मरे आठवत असेलच, २०१४ ला डॅलसकडे ३९२ कॅरी, १८४५ यार्ड, मग आमच्याकडे आला आणि ७०२. ते वर्ष मी इथे नवीन होतो, मला वाटलं फुटबॉल असंच रटाळ असतं.

उलटी उदाहरणं पण आहेत, ती लपवत नाही. हेन्रीने २०१९ ला ३०३ कॅरी घेतल्या, प्लेऑफला अजून ८३, सगळे म्हणाले आता हा गेला, आणि पुढच्याच वर्षी २०२७ केले. गेल्या वर्षी तिशीत, बाल्टिमोरकडे, १९२१. काही माणसं लोखंडाची असतात. सेक्वॉनच्या मांड्या बघितल्या तर तो पण त्यातलाच वाटतो. पण मांड्या बघून पिक घ्यायचा म्हटलं तर मग हिशोब कशाला मांडला.

तरी मी म्हणतो, इंजुरीचं गणित कोणालाच येत नाही, त्यामुळे त्यावर फार वेळ घालवू नये. ज्याचं येतं ते बघावं, काम किती मिळणार. आणि इथे सेक्वॉनसारखा दुसरा नाही. आजकाल निम्म्या टीमकडे दोन-दोन रनिंग बॅक आळीपाळीने, एक पहिल्या डाउनला (प्रयत्नाला), दुसरा तिसऱ्याला, तिसरा टचडाउनच्या रेषेजवळ, आपण बसलोय मोजत की आज आपल्याला किती घास. ईगल्सकडे तसं नाही. केनेथ गेनवेल होता तो पिट्सबर्गला गेला, आता मागे विल शिपली आणि नवीन आलेला ए. जे. डिलन. दोघेही सेक्वॉनच्या तोंडचा घास काढतील असे नाहीत. आणि मार्चमध्ये टीमने त्याला दोन वर्षांची ४१.२ मिलियन डॉलरची वाढ दिली, वर्षाला २० मिलियनच्या वर जाणारा पहिला रनिंग बॅक, एवढे पैसे मोजून माणसाला बाकड्यावर बसवत नाहीत. फार तर कोच जरा हात आखडता घेतील, ३४५ च्या जागी ३०० कॅरी. मी तेवढ्याच धरल्यात.

लाइनचं जरा टेन्शन आहे. ईगल्सची ऑफेन्सिव्ह लाइन म्हणजे फिलीची खरी देवस्थानं, डावीकडे जॉर्डन मायलाटा, उजवीकडे लेन जॉन्सन, वर कोच जेफ स्टाउटलंड. पण लेन जॉन्सन आता ३५ चा, मधला कॅम जर्गन्स सीझननंतर पाठीचं ऑपरेशन करून आलाय, लँडन डिकरसनचं याच महिन्यात गुडघ्याचं झालं, आणि मेकाय बेक्टन गेला चार्जर्सकडे, त्याच्या जागी टायलर स्टीन. गेल्या वर्षी सेक्वॉनला लाइनच्या मागे कोणी हात लावायच्या आधीच तीन-चार यार्ड मिळत होते. जायंट्सकडे हाच माणूस सहा वर्षांत कॅरीला ४.३ च्या आसपास होता आणि इथे आल्यावर ५.८. माणूस तोच, भिंत वेगळी. भिंतीला एक-दोन तडे गेले तर ५.८ चं ४.७ व्हायला वेळ लागत नाही. शिवाय प्ले ठरवणारा केलन मूर सेंट्सचा हेड कोच होऊन गेला आणि केविन पटुलोला बढती मिळाली. नवीन माणूस काय करेल ते पहिल्या चार आठवड्यांत कळेल, म्हणजे ड्राफ्ट झाल्यावर, म्हणजे उपयोग शून्य.

आणि टश पुश. एक यार्ड राहिला की हर्ट्स वाकतो, मागून दोघं त्याला ढकलतात, गोविंदा पथकासारखे सगळे एकमेकांवर, आणि टचडाउन हर्ट्सच्या नावावर. माझं गेल्या वर्षीचं भाकीत यात अगदीच चुकलं नव्हतं बरं का, हर्ट्सने २०२४ ला पण पळून १४ मारले, सेक्वॉनपेक्षा एक जास्तच. सेक्वॉन लांबून मारत होता म्हणून ते झाकलं गेलं. मे महिन्यात या प्लेवर बंदी आणायचं मतदान झालं मालकांचं, २२ विरुद्ध १०, बंदीला २४ लागत होती, दोन मतांनी वाचलं. ईगल्स फॅन म्हणून मी पेढे वाटले, फॅन्टसीवाला म्हणून कपाळाला हात लावला, कारण बंदी आली असती तर सेक्वॉनला वर्षाला पाच-सहा सोपे टचडाउन फुकट मिळाले असते आणि हा लेख लिहायची वेळच आली नसती.

कॅचचं पण तेच. २०१८ ला नवखा असताना त्याने ९१ कॅच घेतले होते, मी नवीन लोकांना सांगतो तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही. इथे ३३. कारण हर्ट्सला पळता येतं, अडचण आली की तो बाजूला उभ्या रनिंग बॅककडे बॉल देत नाही, स्वतःच निघतो, आणि टाकायचाच झाला तर ए. जे. ब्राउन, डिव्हाँटा स्मिथ, गोडर्ट उभे. हर्ट्सने गेल्या वर्षी १५ मॅचमध्ये सगळे मिळून ३६१ पास टाकले, त्यातून किती वाट्याला येणार. फुल पीपीआर लीगमध्ये हे दुखतं. भाऊबीजेच्या दिवशी जॅक्सनव्हिलशी मॅचमध्ये तो पास पकडून, गिरकी घेऊन, पाठमोरी उडी मारून एका माणसाच्या डोक्यावरून गेला ती उडी आठवते ना? माझ्या पोराने नंतर महिनाभर ती उडी दिवाणावरून ट्राय केली, एकदा फराळाच्या डब्यावर पडला, चकल्यांचा भुगा. पण फॅन्टसीत उलटी उडी मारल्याचे वेगळे पॉइंट देत नाहीत. कॅचचा एक, यार्डांचे काय असतील ते.

तर माझा यंदाचा अंदाज, माझा म्हणजे माझाच, कुठल्या साइटचा नाही. ३०० कॅरी, ४.७ ने १४१० यार्ड. ३५ कॅच, २८० यार्ड. ११ टचडाउन. बेरीज १४१ अधिक २८ अधिक ३५ अधिक ६६, म्हणजे २७०. हे तो सोळा-सतरा मॅच धडधाकट खेळला तर. १४१० म्हणजे वरच्या आठ जणांत तो दुसरा येईल, म्हणजे मी कंजूषपणा केलेला नाही, उलट प्रेमापोटी जरा ढिलाच हात ठेवलाय.

आता चौथ्या पिकला समोर कोण असेल? पहिला पिकवाला जमार चेस घेणार, त्याने ग्रुपवर टाकूनच दिलंय, आणि १२७ कॅच, १७०८ यार्ड, १७ टचडाउन केलेल्या माणसाला घेऊ नको असं कोण सांगणार. दुसरा बिजान रॉबिन्सन घेईल असं वाटतं, २३ वर्षांचा, १४५६ यार्ड आणि वर ६१ कॅच. तिसरा माझ्यासारखाच ईगल्सवेडा, परेडला १४ फेब्रुवारीला आम्ही दोघं ऑफिसात सिक लीव्ह टाकून एकत्रच गेलो होतो, तो सेक्वॉन उचलेल असं माझं मन म्हणतं. उचलला तर प्रश्न मिटला, मी जमीर गिब्स घेऊन गप्प बसेन. खरा पेच तेव्हा, जेव्हा तिसरा जस्टिन जेफरसन वगैरे घेईल आणि गिब्स आणि सेक्वॉन दोघं माझ्यापुढे येऊन उभे राहतील.

गिब्स पण काही निष्कलंक नाही. डेट्रॉइटकडे डेव्हिड माँटगोमेरी आहेच, गेल्या वर्षी त्याने १८५ कॅरी आणि १२ टचडाउन नेले. प्ले ठरवणारा बेन जॉन्सन शिकागोचा हेड कोच झाला, सेंटर फ्रँक रॅगनो रिटायर झाला. पण एवढं सगळं वाटून घेऊन गिब्सने केले किती? १४१२ यार्ड, ५२ कॅचचे ५१७, २० टचडाउन. आमच्या स्कोअरिंगने ३६४.९, सेक्वॉनपेक्षा जास्त, २५० कॅरींमध्ये! एका मॅचचं बघितलं तर सेक्वॉन पुढे, २२ विरुद्ध साडेएकवीस, पण गिब्स २३ वर्षांचा आहे आणि त्याच्या अंगावर ४८२ टचचा सीझन नाही. तो लांब टचडाउनवर कमी आणि कॅचवर जास्त अवलंबून आहे, आणि कॅच आठवड्याच्या आठवड्याला पगारासारखे येतात. लांब टचडाउन म्हणजे दिवाळी बोनस, कंपनीने दिला तर दिला. हाफ पीपीआर असतं तर मी कदाचित नाणं उडवलं असतं. फुलला गिब्स. आणि गिब्स गेलेला असला तर सेक्वॉन, तेव्हा मागेपुढे बघायचं नाही, चौथ्याला २७० चा भरवशाचा माणूस चालतो. दुसऱ्या पिकला मात्र मी त्याला घेतला नसता, आणि कोणी लिलाववाली लीग खेळत असेल तर गेल्या वर्षीच्या बावीसच्या भावाने बोली लावू नका, पावणेएकोणीसच्याही जरा खालीच थांबा.

घेतलाच तर दोन कामं करणार. एक, शेवटच्या राउंडला विल शिपली. लोक म्हणतात बेंचवरची जागा वाया, पण सेक्वॉनला काही झालं तर त्या लाइनच्या मागे कोणीही पळालं तरी दहा पॉइंट पडतात. डिलन की शिपली यावर वाद आहे, मी शिपली. दोन, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत त्याला विकायला काढणार. चार सप्टेंबरला गुरुवारी पहिलीच मॅच डॅलसशी, इथेच लिंकन स्टेडियमला, टीव्हीवर सगळा देश बघणार, मग चीफ्सशी सुपर बोलची रीमॅच. या दोन मॅचमध्ये एक जरी सत्तर यार्डांचा निघाला तर लीगमधला एखादा वेडा होऊन दोन चांगले खेळाडू देऊन घेऊन जाईल. त्या वेड्याचं नाव मला आत्ताच माहीत आहे, गेल्या वर्षी टाळ वाजवत होता तोच. पंधरा ते सतरा आठवड्यात आमची प्लेऑफ असते, तेव्हा ईगल्सला रेडर्स, कमांडर्स आणि मग बफेलो, २८ डिसेंबर, बफेलो. तिथे तेव्हा हिमवर्षाव असला तर पळणाऱ्याला उलट फायदा असं पण म्हणतात, पण एवढ्या लांबचं कशाला.

ड्राफ्ट रविवारी रात्री आठला. त्याच दिवशी गौरी येणार, त्यामुळे डायनिंग टेबल मला मिळणार नाही हे घरातून स्पष्ट सांगण्यात आलंय, तिथे मुखवटे, साड्या आणि फराळ मांडायचाय. लॅपटॉप घेऊन खाली बेसमेंटला, वॉशिंग मशीनच्या शेजारी, तिथे वायफाय नीट येत नाही, काल जाऊन बघून आलो, दरवाजा उघडा ठेवला तर दोन काड्या येतात.

काल रात्री झोपताना पोराला सगळं सांगितलं. तो त्याच २६ नंबरच्या जर्सीत झोपतो, धुवायला काढली तर रडतो. म्हटलं बघ, सेक्वॉन आपल्या टीमचाच आहे, तो मॅचला आपलाच राहील, फॅन्टसीत नसला म्हणून काय झालं, आणि हा गिब्स पण डेट्रॉइटकडे २६ नंबरच घालायचा. तेव्हा जरा खूश झाला. मग मी सांगून बसलो की यंदा त्याने नंबर बदलून शून्य घेतलाय.

उठून बसला. "बाबा, तू सेक्वॉन सोडून झिरो घेणार?"